नव्वद दिवसांत गाडीच भरत नाही: छोट्या प्लेटिंग युनिटने घातक कचऱ्याचं करायचं काय?

निकेलवाला (धागाकर्ता) | सोम, रात्री ९:४०

एमआयडीसीतलं नेहमीचं जॉबवर्क युनिट, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर धातूचा मुलामा (प्लेटिंग) देणारं, डोळ्यांपुढे आणा. सायनाइड नसलेलं अल्कलाइन झिंक, त्याआधी हायड्रोक्लोरिकचं पिकलिंग (आम्लात बुडवून गंज काढणं), नंतर पॅसिव्हेशन (झिंकवर क्रोमचा संरक्षक थर). छोटा ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा), गाळ दाबून पाणी काढणारा फिल्टर प्रेस. दाबलेला गाळ, म्हणजे केक, निघतो महिन्याला साधारण दीडशे किलो. जोडीला थोडं वापरलेलं ऑइल, केमिकलची रिकामी पिंपं आणि कारबॉय (आम्लाचे मोठे कॅन), तेलकट चिंध्या. कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीत) हे सगळं नोंदवलेलं आहे, टीएसडीएफचं (घातक कचऱ्यावर प्रक्रिया आणि विल्हेवाट करणाऱ्या केंद्राचं) सभासदत्वही आहे. म्हणजे चोरीछुपे काही नाही.

अडचण अशी की घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचा नाही. ९० दिवसांत जमतो साडेचारशे किलो, आणि गाडीचं किमान बिल लागतं त्याच्या कितीतरी पटीचं. मग बरेच जण पिंपावरची तारीख दर तीन महिन्यांनी 'ताजी' करतात. ते मला करायचं नाही.

प्रश्न तीन:
१. ९० दिवस मोजायचे कधीपासून? पिंपात पहिली पिशवी पडल्यापासून, की पिंप भरल्यापासून?
२. मुदत वाढवून मिळते का?
३. कचराच कमी कसा करायचा?

कन्सल्टंटला विचारा असं सांगू नका. कन्सल्टंट म्हणतो, "चालतं हो."

---

चहा_कटिंग | सोम, रात्री ९:५८

"चालतं हो" ही शेड्यूल एकमधली (नियमांतल्या घातक कचऱ्याच्या यादीतली) कितवी नोंद?

---

अर्नाळकर_न्यूजर्सी | सोम, रात्री १०:२०

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. पिंप भरेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. मशिनजवळ ५५ गॅलनपर्यंत साठवा, भरलं की तारीख टाका, तीन दिवसांत मुख्य साठवणुकीच्या जागी हलवा. छोट्या जनरेटरला (कचरा निर्माण करणाऱ्याला) तिथून पुढे १८० दिवस.

---

पीएच_साडेआठ | सोम, रात्री १०:४१

अर्नाळकर, तुम्ही सांगताय ते अमेरिकेतलं 'सॅटेलाइट अ‍ॅक्युम्युलेशन'. महिन्याला १०० ते १००० किलो कचरा करणाऱ्याला १८० दिवस, टीएसडीएफ २०० मैलांपलीकडे असेल तर २७०, हेही तिकडचंच. ९० आणि १८० हे आकडे दोन्हीकडे सारखे असल्याने घोळ होतो. आपल्याकडच्या नियमांत 'पिंप भरेपर्यंत सूट' अशी तरतूद नाही.

निकेलवाला, आपल्याकडे पिंपावर फॉर्म ८ चं लेबल लागतं आणि त्यात साठवणुकीची तारीख हा रकाना आहे. पहिली पिशवी पिंपात पडली ती तारीख तिथे घाला. तपासणीत त्यावर कोणी वाद घालू शकत नाही. भरल्याची तारीख घातलीत तर फिल्टर प्रेसचं लॉगबुक तुमच्याविरुद्ध साक्ष देतं, कारण केक कधी निघाला ते त्यात लिहिलेलं असतं.

मुदतवाढीचं उत्तर "मिळते" असं आहे, पण मागावी लागते. नियम ८ मध्ये वर्षाला १० टनांपर्यंत कचरा करणाऱ्या छोट्या जनरेटरसाठी बोर्ड (राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) ९० चे १८० दिवस करू शकतं. तुमचा केक वर्षाला १.८ टन, बाकीचं धरूनही दहाच्या खूप आत. पण 'करू शकतं' म्हणजे आपोआप झालं असं नव्हे. अर्ज द्या, मंजुरी लेखी घ्या, आणि पुढच्या वेळी कन्सेंट नूतनीकरणात ती अट म्हणूनच लिहून घ्या. नुसती अर्जाची पोच दाखवून चालेल या भरवशावर राहू नका.

---

अर्नाळकर_न्यूजर्सी | सोम, रात्री १०:५५

मान्य. दोन देशांचे नियम एका पिंपात टाकले. इन्कम्पॅटिबल वेस्ट.

---

गाळणी | मंगळ, सकाळी ८:१५

तिसऱ्या प्रश्नावर येते, कारण खरा पैसा तिथे आहे.

दीडशे किलो केक, पण किती ओलाव्याचा? हा आकडा नसेल तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही. छोट्या प्रेसमधून निघणारा केक ७० ते ८० टक्के पाणी असू शकतो. ७५ टक्के धरा. मग १५० किलोत सुका माल फक्त ३७.५ किलो, बाकी ११२ किलो पाणी. तुम्ही पाण्याचं भाडं भरताय आणि पाणी गाडण्याचा दरही भरताय. तोच केक ५० टक्क्यांवर आणलात तर वजन ७५ किलो. ओलावा ७५ वरून ५० वर आला की वजन तिसऱ्या भागाने नाही, थेट निम्म्याने उतरतं. हे गणित बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

ओलावा मोजायला लॅब लागत नाही. १०० ग्रॅम केक वजन करून १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, उरलं ते सुकं. महिन्यातून एकदा करून वहीत लिहा.

केक ओला निघण्याची कारणं बहुतेक वेळा ही:
- प्रेस पूर्ण भरायच्या आत उघडतात. चेंबरच्या मधोमध चिखल राहतो.
- कापड चुन्याने बुजलेलं. सौम्य आम्लाने धुवायचं, पण ते धुण्याचं पाणी परत ईटीपीलाच गेलं पाहिजे.
- पॉलिइलेक्ट्रोलाइट (गाळाचे कण एकत्र बांधणारं केमिकल) जास्त पडतो. गाळ चिकट होतो आणि पाणी धरून ठेवतो.
- शेवटी हवा मारत नाहीत. दाब देऊन दहा-पंधरा मिनिटं हवा मारली तरी फरक दिसतो.

दुसरं, चुना. पीएच वाढवायला चुना वापरता का कॉस्टिक सोडा? चुना स्वस्त, गाळ बसतोही छान. पण न विरघळलेला चुना आणि त्यातली रेती सगळी गाळात जाते. सल्फेट जास्त असेल तर जिप्सम तयार होतं, ते वेगळंच. तुमचं पिकलिंग हायड्रोक्लोरिकचं असल्याने जिप्समचा त्रास कमी, पण चुन्याचा खडा आहेच. कॉस्टिक महाग, गाळ मऊ आणि हलका, मात्र कमी. केमिकलचं बिल आणि विल्हेवाटीचं बिल शेजारी शेजारी ठेवून ठरवा. नुसतं केमिकलचं बिल पाहिलं तर चुनाच जिंकतो.

---

भंगार_नको | मंगळ, सकाळी ८:५०

गाळणीताई, पण सुकवला तर गाडी अजूनच रिकामी जाईल की! दुखणं 'गाडी भरत नाही' हे आहे आणि तुम्ही वजन निम्मं करताय.

---

गाळणी | मंगळ, सकाळी ९:०५

बरोबर पकडलंत :) म्हणून सुकवणं एकटं पुरत नाही. सुकवणं आणि १८० दिवस, दोन्ही मिळून वर्षाच्या चार फेऱ्यांच्या दोन होतात, आणि किलोमागचा दर वर्षाला कमी मालावर लागतो.

एक सावधगिरी. शेडबाहेर उन्हात केक पसरणं हे सुकवणं नाही, ते विनापरवाना उघड्यावर टाकणं आहे. ड्रायिंग बेड किंवा स्लज ड्रायर कन्सेंटमध्ये दाखवलेला हवा. आणि अगदी भुकटी होईपर्यंत सुकवू नका. निकेल-क्रोमची धूळ श्वासातून जाणं ओल्या केकपेक्षा वाईट.

---

फॉर्म_चार | मंगळ, दुपारी १:३०

कागदाची बाजू कोणीच नीट मांडलेली नाही, म्हणून.

फॉर्म ३: रोजची नोंद. काय निघालं, किती, कुठे ठेवलं, कुठे पाठवलं.
फॉर्म ८: पिंपावरचं लेबल.
फॉर्म ९: ड्रायव्हरजवळ द्यायची आपत्कालीन माहिती. लोक याला ट्रेम कार्ड म्हणतात.
फॉर्म १०: मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याबरोबर जाणारी वाहतुकीची चिठ्ठी, सात प्रती.
फॉर्म ११: अपघात झाला तर.
फॉर्म ४: वार्षिक विवरण, मागच्या आर्थिक वर्षाचं, ३० जूनच्या आत.

मॅनिफेस्टच्या प्रतींचे रंग पाठ करा, कारण तपासणीत चुकलेली प्रत लगेच दिसते. पांढरी तुम्ही बोर्डाला पाठवायची. पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन तुमच्याकडे. गुलाबी माल घेणाऱ्याकडे. नारिंगी वाहतूकदाराला. हिरवी घेणारा बोर्डाला पाठवतो. निळी घेणारा तुम्हाला परत पाठवतो. करडी फक्त कचरा परराज्यातून आला असेल तर, पाठवणाऱ्याच्या राज्याच्या बोर्डाला. ऑनलाइन मॅनिफेस्टमुळे कागद कमी झाला तरी तर्क तोच.

खरी गोची निळ्या प्रतीची. पिवळी सांगते की माल तुमच्या दारातून गेला. निळी सांगते की तो पोहोचला. फाइलमध्ये पिवळ्या बारा आणि निळ्या नऊ असतील तर मधल्या तीन गाड्यांचं काय झालं, हा प्रश्न तुम्हालाच विचारला जाणार, वाहतूकदाराला नाही.

---

काटा_पावती | मंगळ, दुपारी २:१२

फॉर्म_चार यांच्या प्रतिसादात भर. वजनं जुळत नाहीत, हा सगळ्यात जास्त वेळा होणारा घोटाळा आहे आणि त्यात लबाडी नसते, आळस असतो. कारखान्यात "पाच पिंपं, हजार किलो" असं अंदाजे लिहितात. तिकडे काट्यावर ८१० निघतात. मॅनिफेस्टवर एक आकडा, पावतीवर दुसरा, फॉर्म ३ मध्ये तिसरा.

प्रत्येक पिंप रिकामं असताना वजन करून त्यावर रंगाने लिहा. २०० लिटरचं लोखंडी पिंप साधारण १८ ते २० किलो, एचडीपीईचं ८ ते १० किलो. पाच पिंपांत हाच फरक ५० किलोंचा. शिवाय ९० दिवसांत केकमधलं पाणी उडतं, म्हणजे निघतानाचं आणि गाडीत चढतानाचं वजन वेगळं येणारच. म्हणून फॉर्म ३ मध्ये दोन रकाने ठेवा, 'निर्मिती' आणि 'रवानगी', आणि फरकाचं कारण एका ओळीत लिहा: "साठवणुकीत ओलावा कमी."

आणि फॉर्म ४ मधले आकडे ३० सप्टेंबरच्या आत भरायच्या पर्यावरण विवरणाशी, म्हणजे फॉर्म ५ शी, ताडून पाहा. दोन वेगवेगळे कारकून दोन वेगवेगळ्या वह्यांतून भरतात आणि तिथेच सापडतात.

---

चहा_कटिंग | मंगळ, दुपारी २:३०

लग्नात बस्त्याच्या साड्याही इतक्या वेळा मोजत नाहीत.

---

नवशिका_इएचएस | मंगळ, संध्या ६:४५

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. तेलकट हातमोजे आणि चिंध्या घंटागाडीत दिल्या तर काय बिघडतं? चार किलोसुद्धा नसतात.

---

पीएच_साडेआठ | मंगळ, संध्या ७:२०

शेड्यूल एकमध्ये ३३.२ ही नोंदच केमिकल लागलेल्या चिंध्या आणि पुसण्याच्या सामानाची आहे. ३३.१ रिकामी पिंपं, कारबॉय, लायनर. ५.१ वापरलेलं ऑइल, ५.२ ऑइल मिसळलेला बाकीचा कचरा. ३५.३ ईटीपीचा गाळ. १२ नंबरखाली मेटल ट्रीटमेंटचं सगळं, त्यात १२.८ प्लेटिंगचा स्लज. चार किलो असो वा चाळीस, नोंद तीच.

पण उलटी चूकही करू नका. डब्याला 'हेझार्डस' लिहिलं की कामगार त्यात चहाचे कप, खोके, कॅंटीनचे हातमोजे सगळं टाकतात आणि त्या सगळ्याचं बिल टीएसडीएफच्या दराने येतं. मशिनजवळच दोन डबे, झाकणवाले, वेगळ्या रंगाचे. झाकण पत्र्याचं आणि घट्ट हवं, कारण वार्निशचं किंवा जवसाचं तेल लागलेल्या चिंध्या ढिगात ठेवल्या की आपोआप तापून पेट घेतात.

---

सुरक्षा_गेट | मंगळ, रात्री ९:१०

शेड कशी असावी यावर कोणी बोललं नाही. छप्पर, आम्ल न शोषणारी फरशी, भोवती बंधारा आणि बंधाऱ्यातून पावसाच्या गटाराला जोडणारं एकही भोक नको.

बंधारा किती उंच, याचं प्रचलित माप म्हणजे सगळ्यात मोठ्या पिंपाच्या ११० टक्के क्षमता. २०० लिटरचं पिंप म्हणजे २२० लिटर. लोक इथे चुकतात. समजा जागा २ मीटर बाय दीड मीटर, बंधारा १० सेंटिमीटर. कागदावर ३०० लिटर, झालं काम. पण आत चार पिंपं उभी आहेत. प्रत्येकाचा बूड साधारण ०.२६ चौ. मी., चारांचा १.०५. उरलेल्या १.९५ चौ. मी.त १० सेंटिमीटर म्हणजे १९५ लिटर. २२० बसत नाही. बंधारा १२ सेंटिमीटरचा करा, किंवा पिंपं जाळीच्या पॅलेटवर उचलून ठेवा.

आणि सांडलं तर लाकडाचा भुसा टाकू नका. हे सगळीकडे चुकतं. क्रोमिक किंवा नायट्रिक आम्ल भुशावर पडलं की तो पेटू शकतो, कारण दोन्ही ऑक्सिडायझर आहेत. कोरडी वाळू वापरा. आणि भरलेली वाळूही घातक कचराच, तिचीही नोंद करा.

---

भंगार_नको | मंगळ, रात्री ९:४०

शेडमधल्या शेजाऱ्यांबद्दलही लिहा. आम्ल आणि सायनाइड एका बंधाऱ्यात: हायड्रोजन सायनाइड. आम्ल आणि ब्लीचिंगचं हायपो: क्लोरीन. झिंकची भुकटी आणि आम्ल: हायड्रोजन. थिनर आणि नायट्रिक: आग. निकेलवाल्यांच्या उदाहरणात सायनाइड नाही, पण शेजारी कॉपर सायनाइडचा बाथ असलेलं युनिट असतंच. तिथे फरशीचे चर वेगळे हवेत, नुसत्या टाक्या वेगळ्या असून भागत नाही. धुण्याचं पाणी चरातच भेटतं.

---

मोकळा_वारा | बुध, सकाळी ७:३०

अवांतर: लेबलवर 'घातक कचरा' लिहिणं बरोबर की 'धोकादायक कचरा'?

---

फॉर्म_चार | बुध, सकाळी ९:००

फॉर्म ८ मध्ये हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक अशा तिन्ही भाषांत लिहायला सांगितलंय, लाल अक्षरांत, चमकदार पिवळ्या पार्श्वभूमीवर. मराठीत 'घातक कचरा' रूढ आहे. हिंदीत सरकारी शब्द 'परिसंकटमय अपशिष्ट'.

---

चहा_कटिंग | बुध, सकाळी ९:०४

परिसंकटमय! शब्द वाचूनच कामगार चार हात लांब राहतो. हेच तर सुरक्षेचं उद्दिष्ट.

---

मोकळा_वारा | बुध, सकाळी ९:२०

हिंदी नियमाच्या नावात 'सीमापारीय संचलन' असंही आहे. लेझीमपथक सीमेपलीकडे चाललंय असं वाटतं.

---

भोसरी_शेड | बुध, दुपारी १२:१०

पॅसिव्हेशनकडे येऊ. निकेलवाला, तुमचं पॅसिव्हेशन ट्रायव्हॅलंट क्रोमचं की जास्त विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमचं? हेक्सा असेल तर केकचा दर तिथे ठरतो.

हेक्साव्हॅलंट क्रोम असलेलं पाणी वेगळ्या टाकीत घ्या. आधी पीएच २ ते ३ वर, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. ओआरपी (ऑक्सिडेशन-रिडक्शनचं मीटरवरचं माप) २५० ते ३०० मिलिव्होल्टच्या आसपास आला आणि पिवळा रंग जाऊन हिरवा आला की रिडक्शन, म्हणजे हेक्साचं ट्राय, झालं. त्यानंतरच अल्कली घालून साडेआठच्या आसपास. क्रम उलटा केला, किंवा पीएच ४ च्या वर असताना मेटाबायसल्फाइट ओतत बसलात, तर अभिक्रिया रखडते. माणसाला वाटतं केमिकल कमी पडलं, म्हणून तो अजून ओततो.

नेहमी बिघडतं ते असं. ओआरपीच्या प्रोबवर गाळाचा थर, मग मीटर आहे तोच आकडा दाखवत राहतो. मेटाबायसल्फाइटचं द्रावण आठवडाभर उघडं, मग सल्फर डायऑक्साइड उडून जातो आणि जोर राहत नाही. रोज ताजं बनवा. खात्रीसाठी डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब: जांभळा रंग आला तर हेक्सा शिल्लक आहे.

रिडक्शन अर्धवट राहिलं तर तो क्रोम गाळात अडकतो आणि टीसीएलपीमध्ये (कचऱ्यातून काय झिरपतं ते पाहणाऱ्या चाचणीत) बाहेर येतो. शेड्यूल दोनमध्ये क्रोमची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम. ती ओलांडली की टीएसडीएफला आधी स्टॅबिलायझेशन (धातू झिरपू नये म्हणून गाळात पक्का बांधणं) करावं लागतं, आणि तुमचा दर बदलतो.

---

पीएच_साडेआठ | बुध, दुपारी १२:४०

+१. आणि माझ्या नावाला जागून एक दुरुस्ती. साडेआठ हा क्रोमचा पीएच. झिंकला ९ ते साडेनऊ लागतो, निकेलला दहाच्या वर. क्रोम आणि झिंक दोन्ही उभयधर्मी, पीएच फार चढवला की परत विरघळतात. सगळी पाणी एकत्र करून एकच पीएच धरणारा ईटीपी कुठल्यातरी एका धातूवर अन्याय करतोच. निकेलचा बाथ असेल तर त्याचं धुण्याचं पाणी शक्यतो वेगळं ठेवा.

---

काटा_पावती | बुध, दुपारी ३:२५

यातून आणखी एक तपासणीचं गणित निघतं. अधिकारी खरेदीच्या बिलांवरून उलटा हिशेब लावू शकतात. १ किलो क्रोमचा सुका हायड्रॉक्साइड होतो १.९८ किलो. १ किलो झिंकचा १.५२. १ किलो लोखंडाचा, पिकलिंगमधून येणाऱ्या, १.९१. ७० टक्के ओलाव्याच्या केकमध्ये क्रोमचा एक किलो म्हणजे ६.६ किलो केक. वर्षाला आम्लाची इतकी बिलं आणि केक मात्र मूठभर, असं असेल तर लोखंड गेलं कुठे? ओव्हरफ्लोमधून नाल्यात, एवढंच उत्तर उरतं. त्यामुळे कचरा 'कमी दाखवणं' ही हुशारी नाही. कन्सेंटमधला आकडा ओलांडला तर दुरुस्ती मागता येते. आकडा न जुळण्याचं उत्तर देता येत नाही.

---

नवशिका_इएचएस | बुध, संध्या ६:००

वापरलेलं हायड्रोक्लोरिक टँकरवाला फुकट न्यायला तयार असतो. वर पैसेही देतो म्हणे. ते बरं का?

---

भंगार_नको | बुध, संध्या ६:३५

तो कुणाला विकतो हे विचारा. वापरलेल्या आम्लापासून फेरिक क्लोराइड वगैरे बनवणारे परवानाधारक आहेत, नियम ९ खाली, केंद्रीय बोर्डाच्या कार्यपद्धतीनुसार. त्यांची परवानगी, त्यात तुमच्या कचऱ्याची नोंद आणि वर्षाची क्षमता पाहा, आणि मॅनिफेस्ट करा. टँकरवाला मॅनिफेस्टचं नाव काढताच फोन उचलेनासा झाला, तर उत्तर मिळालं. रात्री नाल्यात ओतलं तरी नियम २३ प्रमाणे नुकसानीची जबाबदारी तुमच्यावरही येते. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ खालचा दंड १ एप्रिल २०२४ पासून १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत आहे. पूर्वीची कैदेची तरतूद जनविश्वास कायद्याने काढली, म्हणून काही जण खूश आहेत. पंधरा लाखांत छोट्या युनिटचं शटर खाली येतं, हे ते विसरतात.

रिकाम्या पिंपांचंही तेच. थिनरचं पिंप गॅसकटरने कापू नका, आतली वाफ पुरेशी असते. पिंपं परवानाधारक डिकंटॅमिनेशनवाल्याकडे द्या, किंवा तीनदा धुऊन पाणी ईटीपीला.

---

अर्नाळकर_न्यूजर्सी | बुध, रात्री ९:१५

ट्यूबलाइट आणि बॅटऱ्यांचं काय तिकडे?

---

फॉर्म_चार | बुध, रात्री ९:४०

त्या या नियमांत नाहीत. बॅटऱ्या २०२२ च्या बॅटरी नियमांत, पाऱ्याच्या ट्यूब आणि सीएफएल २०२२ च्या ई-कचरा नियमांत. ट्यूब फोडून जागा वाचवू नका, मूळ खोक्यात उभ्या ठेवा. हा वेगळा धागा होईल.

---

निकेलवाला | गुरु, सकाळी ८:००

सगळ्यांचे आभार. आता मूळ मुद्द्यावर परत. १८० दिवसांची मंजुरी मिळाली, केक ५० टक्क्यांवर आला, तरी सहा महिन्यांत साडेचारशे किलोच्या आसपास. गाडी अजूनही रिकामीच.

---

गाळणी | गुरु, सकाळी ८:४५

एकट्याने गाडी मागवू नका. टीएसडीएफच्याच गाडीला एका दिवशी त्याच वसाहतीतल्या चार-पाच युनिटची फेरी करायला सांगा. रांजणगाव, तळोजा, महापे, बुटीबोरी, जवळ जे असेल तिथून. प्रत्येकाचं मॅनिफेस्ट वेगळं, पिंपं वेगळी, लेबलं वेगळी. एकाचा केक दुसऱ्याच्या पिंपात टाकून "नंतर वाटून घेऊ" हा प्रकार नको, कारण मग टीसीएलपी कुणाचा फेल झाला ते कळत नाही. वसाहतीच्या संघटनेने वर्षाच्या दोन तारखा ठरवून दिल्या तर काम सोपं. एक तारीख मेमध्ये घ्या. पावसाळ्यात शेड ओल धरते, केक परत भिजतो, आणि ३० जूनचं फॉर्म ४ मेमधल्या रवानगीनंतर भरायला हातात सगळ्या पावत्या असतात. एप्रिल-मेची रवानगी त्या विवरणात धरायची नाही एवढं लक्षात ठेवा, ते मार्चअखेरचं असतं.

---

काटा_पावती | गुरु, सकाळी ९:१०

गाडी यायच्या आदल्या दिवशी पेंट फिल्टर टेस्ट घरीच करा. १०० ग्रॅम केक ६० मेशच्या रंगाच्या गाळणीत ठेवा, पाच मिनिटं थांबा. खाली एक थेंबही पडला तर लँडफिलला तो केक घेणार नाहीत आणि गाडी परत पाठवतील. मग फेरीचं भाडं तुमच्याच डोक्यावर.

---

चहा_कटिंग | गुरु, सकाळी ९:१५

सदस्य 'गाळणी' यांनी नाव आधीपासून विचार करून घेतलंय.

---

निकेलवाला | गुरु, सकाळी ९:५०

:) मेची तारीख वसाहतीत मांडतो. शेवटचं. लेबलवर स्केच पेनने लिहिलेली तारीख दोन महिन्यांत उडून जाते, त्यावर काय?

---

सुरक्षा_गेट | गुरु, सकाळी १०:२०

स्केच पेन नको. फॉर्म ८ लाच न धुतलं जाणारं आणि हवामानाला टिकणारं लेबल हवंय. पीव्हीसी स्टिकरवर पेंट मार्करने लिहा, वर पारदर्शक टेप. पिंपाच्या झाकणावर लावू नका, झाकणं अदलाबदल होतात. अंगावर लावा, वाचणाऱ्याकडे तोंड करून.